पाइपाच्या पोटात काय चालले आहे?
आवाजाने होणारी स्वयंचलित तपासणी : कारखानदार, व्यापारी आणि हुनर शिकणाऱ्या तरुणांसाठी

'जालना सोने का पालना' असे आपल्याकडचे जुने लोक म्हणत आले. हा पाळणा एके काळी कापूस आणि जिनिंग-प्रेसिंगच्या जोरावर हालत होता. १९६४ मध्ये महिकोपासून बियाण्यांचा उद्योग उभा राहिला. १ मे १९८१ रोजी जिल्हा स्वतंत्र झाला आणि पुढच्या काळात औद्योगिक वसाहतीतील रोलिंग मिल्सनी जालन्याची सळई दूरवर नेली. अंबड तालुक्यात अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. हे धंदे वेगवेगळे असले तरी एक गोष्ट सगळ्यांत सारखी आहे. कुठे वाफ, कुठे दाबाची हवा, कुठे तेल तर कुठे वायू लोखंडी पाइपांतून आणि टाक्यांतून फिरत असतो. बाहेरून रंग दिलेला असतो, वर पत्रा आणि लोकर गुंडाळलेली असते. आत लोखंड किती उरले आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

आम्ही कापडाचे व्यापारी. पण कापडाचा धंदा वाफेशिवाय होत नाही. कोरे कापड धुणे, ब्लीच करणे, रंगवणे, सुकवणे, सगळीकडे बॉयलर लागतो. पॉलिस्टर रंगवायचे तर बंद यंत्रात १३० अंश सेल्सियसच्या आसपास तापमान ठेवावे लागते. म्हणजे ते यंत्र दाबाची टाकीच झाले. आमचा माल ज्या प्रोसेस हाऊसमध्ये पडून असतो, तिथला बॉयलर किंवा वाफेची लाइन फुटली तर माल जातो, मुदत जाते. पण सर्वांत आधी जातो तो शेजारी उभा असलेला कामगार. म्हणून हा विषय फक्त इंजिनीयर मंडळींचा आहे असे आम्ही मानत नाही.

जाडी आणि दाब यांचा हिशोब

पाइपावर आतून किती ताण येतो हे काढण्याचा साधा नियम आहे. दाबाला पाइपाच्या व्यासाने गुणायचे आणि जाडीच्या दुपटीने भागायचे. सहा इंची पाइप घेऊ. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे १६८ मिलिमीटर आणि जाडी ७.१ मिलिमीटर असते. आत दर चौरस सेंटिमीटरला १० किलो दाब असेल तर भिंतीवर ताण येतो सुमारे ११८ किलो. साधे पोलाद सुमारे २४०० किलोपर्यंत कायमचे ताणले जात नाही. म्हणजे नव्या पाइपात सुरक्षिततेची शिल्लक भरपूर असते.

धोका याच शिल्लकेत दडलेला आहे. तोच पाइप गंजून, झिजून १.४ मिलिमीटर उरला तर ताण ६०० किलोवर जातो. तरीही पाइप फुटत नाही, गळतही नाही. मालक म्हणतो, "वीस वर्षे चालला आहे, आणखी चालेल." मग एखाद्या सकाळी लाइनमध्ये साचलेल्या पाण्यावर वाफ जोराने आदळते, क्षणभर दाब अनेक पटींनी वाढतो, आणि पाइप चिरतो. गळती ही आगाऊ सूचना असते असे समजू नये. पुष्कळदा ती सूचना येतच नाही.

लोखंड झिजते कुठे?

झीज सगळीकडे सारखी नसते. वळणावर (एल्बोवर) वाफ आणि पाण्याचे थेंब आदळतात, तिथे भिंत लवकर पातळ होते. व्हॉल्व्ह आणि ओरिफिसच्या पुढे प्रवाह घुसळतो, तिथेही तेच. वाफेचे पाणी होऊन परतणाऱ्या लाइनमध्ये कार्बन डाय-ऑक्साइड विरघळतो, त्याचे सौम्य आम्ल होते आणि पाइपाच्या तळाशी लांब खाचा पडतात. बाहेरच्या पत्र्याला भोक असेल तर पावसाचे पाणी लोकरीत मुरते आणि पाइप बाहेरून सडतो. वरून पत्रा मात्र चकाकत असतो. जिथे पाइप आधारावर टेकतो, तिथेही पाणी थांबते. कॉस्टिकमध्ये कापड उकळण्याच्या टाक्यांना निराळाच रोग लागतो. तिथे जाडी कमी न होता वेल्डिंगच्या सांध्याजवळ बारीक तडे जाऊ शकतात.

आवाज जाडी कशी सांगतो?

सोनोग्राफी आता घरोघरी माहीत आहे. तोच तत्त्वविचार लोखंडाला लावला आहे. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. या तपासणीत सेकंदाला साधारण २० लाख ते एक कोटी कंपनांचा आवाज वापरतात. प्रोब नावाच्या छोट्या डबीत असा पदार्थ असतो की त्याला विजेचा झटका दिला की तो थरथरतो, आणि त्याच्यावर कंप आले की तो वीज देतो. हा गुण फ्रान्समध्ये क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधून काढला. धातूतील दोष आवाजाने शोधण्याची कल्पना रशियात सोकोलोव्ह यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस मांडली, आणि १९४० च्या दशकात अमेरिकेत फायरस्टोन यांनी प्रतिध्वनीवर चालणारे यंत्र तयार केले.

पोलादात हा आवाज सेकंदाला सुमारे ५९०० मीटर वेगाने जातो. १० मिलिमीटर जाडीच्या भिंतीतून जाऊन परत यायला त्याला सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी साधारण ३.४ भाग लागतात. यंत्र ही वेळ मोजते आणि जाडी सांगते. भिंत पातळ असेल तर प्रतिध्वनी लवकर येतो. मध्येच तडा असेल तर तिथूनच परत फिरतो.

प्रोब आणि लोखंड यांच्यात केसाएवढी हवा राहिली तरी आवाज आत शिरत नाही. म्हणून मध्ये पाणी, तेल किंवा जेल लावतात. घट्ट बसलेला रंग चालतो, सुटलेला गंज मात्र आधी खरवडून काढावा लागतो.

हाताची तपासणी आणि यंत्राची तपासणी

आता स्वयंचलित या शब्दाकडे वळू. कापडवाल्यांना तो लगेच समजेल. थान विकत घेताना आपण घडीचा वरचा पदर पाहतो, एक-दोन ठिकाणी हात फिरवतो. ही नमुना पाहणी झाली. पण निर्यातीचा माल असेल तर सगळे थान तपासणीच्या टेबलावरून, खाली दिवा लावून, पूर्ण पन्ह्याने फिरवावे लागते, आणि कोणत्या मीटरवर कोणता दोष आहे ते लिहावे लागते. हाताने केलेली जाडीची तपासणी म्हणजे घडीचा वरचा पदर. स्वयंचलित तपासणी म्हणजे टेबलावरून फिरलेले सबंध थान.

आकडे पाहू. सहा इंची पाइपाच्या एक मीटर लांबीचा पृष्ठभाग सुमारे ५ लाख २८ हजार चौरस मिलिमीटर भरतो. १० मिलिमीटरच्या प्रोबने चार बाजूंना चार ठिकाणी मोजले तर एकूण ३१४ चौरस मिलिमीटर तपासले जातात. म्हणजे दहा हजार भागांपैकी सहा भाग. बाकीच्या ९,९९४ भागांत खड्डा असेल तर तो सापडणार नाही. स्वयंचलित यंत्राने दर दोन मिलिमीटरवर मोजले तर त्याच एका मीटरमध्ये सुमारे १ लाख ३२ हजार मोजमापे होतात.

यंत्राची रचना अशी असते. चुंबकाच्या चाकांची एक छोटी गाडी पाइपाला किंवा टाकीला चिकटून चालते. तिच्यावरचा प्रोब आडवा फिरतो, पंपातून पाणी येत राहते. चाकाला जोडलेला एन्कोडर प्रत्येक मोजमापाला त्याचा पत्ता देतो, म्हणजे सुरुवातीपासून किती अंतर आणि घेरावर कोणती जागा. संगणक त्यातून रंगीत नकाशा काढतो. जाड जागा एका रंगात, पातळ जागा दुसऱ्या रंगात. वेल्डिंगच्या सांध्यासाठी याच पद्धतीचे पुढचे प्रकार आहेत. तड्याच्या दोन्ही टोकांवरून येणाऱ्या लहरींची वेळ मोजून त्याची उंची काढण्याची पद्धत ब्रिटनमध्ये हारवेल येथे मॉरिस सिल्क यांनी १९७० च्या दशकात विकसित केली. फेज्ड ॲरे प्रोबमध्ये अनेक बारीक तुकडे असतात, आणि प्रोब न हलवता आवाजाचा झोत वेगवेगळ्या कोनांत वळवता येतो. एक्स-रे किंवा गॅमा किरणांनी सांधा तपासायचा तर आसपासची माणसे हटवावी लागतात. आवाजाच्या तपासणीत तो प्रश्न येत नाही.

आमच्या मते या यंत्राचा सर्वांत मोठा फायदा वेगापेक्षा नोंदीत आहे. हाताची तपासणी माणसाच्या वहीत राहते. तो नोकरी सोडून गेला की नेमके कुठे मोजले होते ते कोणी सांगू शकत नाही. नकाशा असेल तर चार वर्षांनी त्याच जागेवर पुन्हा मोजता येते आणि दोन नकाशे एकमेकांवर ठेवता येतात.

तारापूरचे उदाहरण

ही विद्या परदेशातच आहे असे नाही. आपल्या महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यात तारापूरला अणुवीज केंद्र आहे. तिथली तिसरी आणि चौथी अणुभट्टी प्रत्येकी ५४० मेगावॅटची असून प्रत्येकीत ३९२ आडव्या नळ्या आहेत. या नळ्यांत इंधन असते आणि गरम जड पाणी मोठ्या दाबाने वाहते. किरणोत्सर्गामुळे माणसाला आत जाऊन पाहणे शक्यच नाही. अशा नळ्यांच्या तपासणीसाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने 'बार्सिस' नावाची यंत्रणा देशातच तयार केली. तिचे तपासणी-डोके नळीत सरकते, आवाजाने आणि विद्युत प्रवाहाच्या पद्धतीने भिंतीची जाडी, दोष आणि बाहेरच्या नळीपासूनचे अंतर मोजते. माणूस दूर बसून पडद्यावर पाहतो. ट्रॉम्बेत बनलेली ही अक्कल साध्या कारखान्यातल्या गाडीत आणि प्रोबमध्येही आहे. फरक फक्त मोलाचा आणि मोजमापाच्या बारकाईचा.

जमिनीखालच्या लांब वाहिन्यांना वेगळा इलाज करतात. समृद्धी महामार्गाच्या कडेने जाणारी मुंबई-नागपूर वायुवाहिनी आपल्या भागातूनच जाते. अशा वाहिनीत 'पिग' नावाचे यंत्र आतून सोडतात. प्रवाहच त्याला ढकलत नेतो आणि ते भिंतीची नोंद घेत जाते. हे का गरजेचे आहे ते आंध्र प्रदेशातील नगरम गावाने दाखवले. २७ जून २०१४ रोजी तिथे वायुवाहिनी फुटून लागलेल्या आगीत वीसहून अधिक माणसे गेली. वायूबरोबर आलेल्या पाण्याने ती वाहिनी आतून खाल्ली होती.

यंत्र होते, यादीत जागा नव्हती

सर्वांत मोठा धडा जपानचा आहे. मिहामा येथील अणुवीज केंद्राची तिसरी भट्टी १९७६ मध्ये सुरू झाली. तिच्या टर्बाइन इमारतीत गरम पाण्याचा एक पाइप होता. त्यात किरणोत्सर्ग नव्हता, साधेच पाणी होते. व्यास ५६ सेंटिमीटर, मूळ जाडी १० मिलिमीटर, तापमान सुमारे १४० अंश. ओरिफिसच्या पुढे, जिथे प्रवाह घुसळतो, तिथे भिंत झिजत राहिली. ९ ऑगस्ट २००४ रोजी तो पाइप फुटला. ठेकेदाराचे कामगार पुढच्या पाहणीची तयारी करत होते. ५ जण मेले, ६ जण भाजले. फुटलेल्या जागी १.४ मिलिमीटर आणि काही ठिकाणी त्याहूनही कमी जाडी उरली होती.

वरचा नियम इथे लावून पाहा. दाब चौरस सेंटिमीटरला साडेनऊ किलोच्या आसपास होता. १० मिलिमीटर जाडीला ताण येतो २६६ किलो, १.४ मिलिमीटरला १९०० किलो. शिल्लक संपली होती.

जपानकडे तपासणीची यंत्रे नव्हती का? होती, उत्तम होती. पण ही जागा तपासणीच्या यादीतच नव्हती. २८ वर्षांत तिथे एकदाही मोजले गेले नाही. चूक लक्षात आल्यावर ती जागा यादीत घेतली गेली, आणि भट्टी बंद करून पाहणी सुरू व्हायची होती ती १४ ऑगस्टला. पाच दिवस कमी पडले. यंत्र कितीही हुशार असो, ते कुठे लावायचे हे माणसानेच ठरवायचे असते.

हे यंत्र कुठे फसते?

विकणारा माणूस मालाचे गुण सांगतो, घेणाऱ्याने अवगुण विचारावेत.

पहिली गोष्ट, अतिशय पातळ भिंतीवर प्रतिध्वनी एकावर एक येतात आणि काही प्रोब पहिल्याऐवजी दुसरा प्रतिध्वनी पकडतात. मग १.२ मिलिमीटरची भिंत २.४ दाखवली जाते. जिथे धोका सर्वांत जास्त, तिथेच आकडा दिलासा देतो.

दुसरी गोष्ट, गरम लोखंडात आवाज हळू चालतो. साधारण ५५ अंश तापमान वाढले की जाडी एक टक्का जास्त दिसते. चालू लाइन मोजायची तर ही वजाबाकी करावीच लागते, आणि प्रोबही उष्णता सोसणारा लागतो.

तिसरी गोष्ट, तडा आवाजाच्या झोताला समांतर असेल तर प्रतिध्वनी येत नाही. जाडी मोजणाऱ्या सरळ प्रोबने कॉस्टिकच्या टाकीतले तडे सापडतील असे समजू नये. त्यासाठी तिरपा झोत लागतो. काही ओतीव स्टेनलेस पोलादात दाणे मोठे असतात, त्यात आवाज विखुरतो.

चौथी गोष्ट, ज्या रोगाची शंकाच कोणाला नाही तो सापडणे अवघड. गुजरातेत काकरापार येथे ११ मार्च २०१६ रोजी पहिल्या अणुभट्टीची एक नळी गळली. पुढच्या तपासात नळ्यांच्या बाहेरच्या बाजूला गंजाचे डाग आढळले. त्याआधी सगळ्यांची नजर आतल्या बाजूवर होती.

पाचवी गोष्ट, प्रत्येक अपघातावर हे औषध नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका पोलाद कारखान्यात स्फोट होऊन वितळलेले लोखंड कामगारांच्या अंगावर उडाले, वीसच्या आसपास माणसे जखमी झाली. वितळत्या लोखंडाच्या भट्टीचे धोके निराळे आहेत. तिथे भंगाराची निवड, ओलावा, भट्टीचे अस्तर, कामगाराचे अंतर आणि अंगावरचे कपडे यांचा बंदोबस्त करावा लागतो. जाडी मोजून ते टळत नाहीत.

आयुष्याचा हिशोब कसा करावा?

जाडीचा एक आकडा म्हणजे फक्त आजची रोकड. नफा-तोटा कळायला दोन तारखांचे आकडे लागतात. समजा पाइप नवा असताना ७.१ मिलिमीटर होता, चार वर्षांनी ६.३ भरला. म्हणजे वर्षाला ०.२ मिलिमीटर झीज. इंजिनीयरने किमान ४.५ मिलिमीटर हवे असे सांगितले असेल तर शिल्लक १.८, म्हणजे ९ वर्षे. पण नऊ वर्षे झोपून राहायचे नाही. तेल उद्योगात रूढ असलेला नियम असा की उरलेल्या आयुष्याच्या निम्म्या मुदतीत पुन्हा मोजावे, आणि ती मुदत मोठी निघाली तरी दहा वर्षांपलीकडे जाऊ नये. इथे साडेचार वर्षे. पाणी बदलले, इंधन बदलले, तापमान वाढवले, तर जुना वेग धरू नये, लवकर मोजावे.

कायदा काय म्हणतो?

१८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये पहिला कायदा आला. सबंध देशासाठी १९२३ चा कायदा झाला. २०२५ मध्ये त्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली. नोंदणी, तपासणी आणि मुदतीचे प्रमाणपत्र ही चौकट कायम आहे. आपल्या राज्यात हे काम बाष्पके संचालनालय पाहते. दाबाखालच्या वायूच्या टाक्यांसाठी २०१६ चे वेगळे नियम आहेत, आणि ते राबवणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्य कार्यालय नागपुरात आहे.

प्रमाणपत्र भिंतीवर टांगले म्हणजे जबाबदारी संपली असे मानणारे पुष्कळ आहेत. प्रमाणपत्र त्या दिवसापुरते बोलते. पुढचे दिवस मालकाच्या इमानावर चालतात.

छोट्या कारखानदाराने काय करावे?

प्रत्येक पाइपावर गाडी फिरवण्याची गरज नाही. दोन इंचापेक्षा लहान लाइन, वळणे, जोड यांसाठी जाणकार माणसाच्या हातातले जाडी-मापक पुरते. मोठ्या टाक्या, मुख्य वाफेची लाइन आणि ज्यांच्या शेजारी माणसे सतत उभी असतात अशा जागांसाठी स्वयंचलित तपासणी मागवावी. साखर कारखान्याला गाळप संपल्यावरचे महिने मोकळे मिळतात, प्रोसेस हाऊसला सणानंतरची मंदी. तारीख आधी ठरवावी.

काम देण्यापूर्वी ठेकेदाराला पाच प्रश्न विचारावेत. कोणत्या जागा तपासणार आणि त्या का निवडल्या? माझ्या पाइपाच्याच धातूच्या, माहीत जाडीच्या पायऱ्यांच्या ठोकळ्यावर यंत्र माझ्यासमोर जुळवणार का? तपासणाऱ्याचे प्रमाणपत्र कोणत्या पद्धतीचे आणि कोणत्या पातळीचे आहे? छापील अहवालाबरोबर मोजमापांची मूळ फाइल देणार का? आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणत्या जागा तपासता आल्या नाहीत ते लेखी देणार का? पाचव्या प्रश्नावर जो चिडतो, त्याला काम देऊ नये. थानाच्या ज्या मीटरवर टेबल फिरले नाही, तो मीटर चांगला आहे असे कोणी लिहून देत नाही.

तरुणांसाठी एक हुनर

आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्या मुलांनी या कामाकडे पाहावे. रिफायनऱ्या, वीज केंद्रे, जहाजबांधणी, आखातातील तेल प्रकल्प, सगळीकडे विनाशरहित तपासणीचे कारीगर लागतात. या क्षेत्राची देशातील संस्था म्हणजे इंडियन सोसायटी फॉर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग, तिचे मुख्य कार्यालय चेन्नईला आहे. भारतीय मानक १३८०५ मध्ये कारीगरांच्या पात्रतेच्या पातळ्या दिल्या आहेत. अमेरिकन पद्धतीत अल्ट्रासोनिकच्या पहिल्या पातळीला ४० तासांचे आणि दुसऱ्या पातळीला आणखी ४० तासांचे शिक्षण धरले आहे, आणि त्याशिवाय प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतोच. दोन दिवसांत कागद हातात देणारी दुकाने टाळावीत. अशा कागदावर नोकरी मिळेल, पण त्याच्या सहीवर विश्वास ठेवून कोणी तरी त्या पाइपाजवळ उभा राहणार आहे.

पुढच्या महिन्यात आपल्या कारखान्याच्या लाइनचा साधा नकाशा काढावा. वळणे, व्हॉल्व्हच्या पुढच्या जागा, आधार, फाटलेला पत्रा, सगळे त्यावर उतरवावे आणि प्रत्येक जागेपुढे शेवटची जाडी आणि तारीख लिहावी. जिथे लिहायला आकडाच नसेल, तपासणी त्या जागेपासून सुरू करावी.